बँकेला नाही म्हणताना

बँकेत माझी निवड झाली हे मला आमच्या खिंडीत उभं असताना कळलं, कारण गावात रेंज नाही. आमचं गाव वेल्ह्याच्या पुढं, डोंगराच्या पोटात. तालुक्याचं नाव आता कागदावर राजगड झालंय, पण आमच्या तोंडात वेल्हेच बसलंय. फोन करायचा तर पंधरा मिनिटं चढून खिंडीत जायचं, म्हसोबाच्या दगडापासून चार पावलं उजवीकडं सरकायचं, की दोन दांड्या येतात. तिथं उभं राहून मी निकालाची यादी उघडली, माझा नंबर चार वेळा वाचला आणि मग मैत्रिणीचा शोधला. तिचाही होता, पण प्रतीक्षा यादीत. निवडलेल्यांपैकी कुणी नोकरी घेतली नाही, तर या यादीतल्यांना वरून एकेक करून बोलावतात. ती सातवी होती.

आम्ही दोघी दोन वर्षं भोरला एका खोलीत राहून बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करत होतो. ती किकवीची. तिचे वडील कापूरहोळच्या फाट्यावर पंक्चर काढतात. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, वडाप चालवतात, म्हणजे वेल्हे ते नसरापूर माणसं भरून नेणारी जीप. दोघींच्या घरच्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: पोरगी काचेच्या दाराआड टेबलाला बसलीय, वर पंखा फिरतोय, समोर लोक अदबीनं उभे आहेत. सकाळी सातला अभ्यासिका, दुपारी दोघींत दीड डबा, पुन्हा अभ्यासिका. गणितात ती माझ्या कितीतरी पुढं. इंग्रजी मी तिला समजावायचे. मुलाखतीत सगळं इंग्रजीत चाललं आणि ती अडखळली. तसं झालं नसतं तर ती वरच्या यादीत असती आणि मी कदाचित कुठल्याच नसते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

मी तिला फोन लावला. तिनं माझ्याआधीच यादी बघितली होती.

"अगं साहेबीण!" ती ओरडली. "आबांना सांगितलंस का? आधी घरी पळ!"

तिच्या आवाजात कुठं किंतु नव्हता. अवघडले ती मीच.

कारण माझ्या पोटात एक गोष्ट होती, जी तिला अर्धीच माहीत होती आणि घरी कुणालाच नाही. आबांनी मला सराव परीक्षांसाठी एक जुना लॅपटॉप घेऊन दिला होता. अभ्यासिकेत पेपर सोडवताना आमचं सगळ्यांचं लक्ष सारखं घड्याळाकडं जायचं. म्हणून मी शिकत शिकत एक साधं वेबपान बनवलं. पेपर सुरू केला की ते वेळ मोजायचं आणि आपण कुठल्या प्रश्नावर किती अडकलो ते शेवटी दाखवायचं. पहिल्यांदा ते चाललं तेव्हा मी खोलीत एकटीच हसले होते. मग अभ्यासिकेतल्या सगळ्या मुली ते वापरायला लागल्या. हे बदल, ते जोड, असं सांगायला लागल्या. आणि मी समोर चलनवाढीचं प्रकरण उघडं ठेवून त्याच्या आडोशाला कोड लिहायला लागले. तंबाखू लपवावी तसं लपवायचे. खोलीचं भाडं आबा भरत होते ते बँकेसाठी, आणि बँकेचं पुस्तक उघडलं की मला जांभया यायच्या. पास झाले ती निव्वळ भीतीनं. निकालाच्या महिनाभर आधी ते पान मी पुण्यातल्या एका लहान कंपनीला पाठवलं होतं. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणारी कंपनी. उत्तर येणारच नाही असं धरून अर्ज केला होता, म्हणूनच तो करायची हिंमत झाली.

निकालानंतर पाचव्या दिवशी उत्तर आलं. परवा अकरा वाजता, व्हिडिओवर मुलाखत.

मी घरी आले आणि आबांना म्हटलं, "परवा मुलाखत आहे. खिंडीत बसून द्यावी लागेल."

"अजून एक?" ते म्हणाले. "लई बारीक चाळत्यात हे बँकवाले."

खोटं असं काही बोलले नाही. खरं तेवढं सांगायचं राहिलं.

खिंडीत वारा इतका, की शेजारच्याचं बोलणं कळत नाही. आबांनी त्या दिवशीची सकाळची खेप सोडली, जीप वर आणून म्हसोबापाशी लावली, सगळ्या काचा वर केल्या, मागच्या सीटवर गोधडी घडी करून टाकली, आणि स्वतः बाहेर उन्हात पहाऱ्याला उभे राहिले. स्क्रीनवर दोघं होते, चष्मा लावलेल्या एक बाई आणि एक तरुण. दहा मिनिटं बरी गेली. मग बाहेरून आवाज आला, "गाडी जानार का खाली?" गावातलेच एक आजोबा होते, डोक्यावर सरपणाची मोळी.

"गपा की वो," आबा म्हणाले. त्यांना वाटलं ते हळू बोलले. "पोरीची मुलाखत चाललीया आत!"

"मंग किती टाइम?"

"बँकंचं काम हाय. टाइम लागनारच!"

स्क्रीनवरच्या बाईंनी भुवया वर केल्या. "बँकेचं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "माझी बँकेत अधिकारी म्हणून निवड झालीय," मी म्हणाले. "घरच्यांना वाटतंय ही मुलाखत बँकेचीच आहे."

तो तरुण हसला. बाई हसल्या नाहीत. "मग आमच्याकडे कशाला येताय?"

बँकेच्या मुलाखतीत मला असाच प्रश्न आला होता, तेव्हा मी पाठ केलेलं उत्तर दिलं होतं. इथं पाठ केलेलं काही नव्हतं. मी त्या पानाबद्दल बोलायला लागले. एका मुलीला लाल रंगात चुका दिसल्या की रडू यायचं म्हणून मी तो रंग कसा काढला, पेपर मध्येच बंद पडला तर वेळ कुठं साठवायची यावर तीन दिवस कशी डोकेफोड केली, आणि शेवटी चूक एका स्वल्पविरामाची निघाली. बोलता बोलता काचेतून आबा दिसत होते. त्यांनी आजोबांची मोळी उतरवून घेतली होती आणि दोघं म्हसोबाच्या सावलीत उकिडवे बसले होते, आवाज होऊ नये म्हणून एकमेकांशी खुणांनी बोलत.

मी दार उघडलं तेव्हा आबा धावत आले. "कसं झालं?"

"चांगलं झालं," मी म्हणाले. ते खरं होतं, आणि त्यामुळंच मला जास्त वाईट वाटलं.

दोन दिवसांनी कंपनीचा होकार आला. सहा महिने शिकाऊ, पुण्यात राहायचं, पगार बँकेच्या निम्म्याहून कमी, आणि सहा महिन्यांनंतर ठेवतील याची खात्री नाही. त्याच आठवड्यात बँकेचंही पत्र आलं: कागदपत्रं आणि संमती अमुक तारखेपर्यंत पाठवा, नेमणूक देशात कुठंही होईल. दोन्हीकडं हो की नाही सांगायला मला अकरा दिवस होते.

त्या अकरा दिवसांत मी एका जागी बसलेली कुणी पाहिली नसेल. सकाळी तांदूळ निवडायला घ्यायचे आणि सूप तसंच ठेवून खिंडीत जायचे. तिथं पोचले की काय बघायला आले ते आठवायचं नाही. बँकेत लागलेल्या लोकांचे व्हिडिओ बघायचे, मग कंपनीतून काढून टाकलेल्या लोकांचे. कागदाच्या मधोमध रेघ मारून एका बाजूला बँक, दुसऱ्या बाजूला कंपनी असं लिहिलं. बँकेच्या बाजूला ओळी भरल्या: पगार, सुट्ट्या, घरासाठी कर्ज, मान. कंपनीच्या बाजूला एकच ओळ झाली, आणि तीही मी खोडून टाकली, कारण 'आवडतं' हे लिहिलेलं फार पोरकट दिसत होतं. जेवण उतरेना. घरातून अंगणात, अंगणातून गोठ्यात, गोठ्यातून परत घरात. आई एकदा म्हणाली, "अगं, येका जागी टेक. तुझ्याकडं बघून मला घेरी यायला लागली."

बाहेर निघायचीही चोरी झाली होती. आबांनी वेल्ह्यापासून नसरापुरापर्यंत जीपमध्ये बसलेल्या प्रत्येकाला बातमी सांगितली होती. ओळखीच्या नसलेल्या बायका मला थांबवून विचारायच्या, "तूच का ती बँकेतली?"

ते राब भाजायचे दिवस होते. भाताची रोपं टाकायच्या जमिनीवर पालापाचोळा पसरून ती भाजतात, तो राब. मी आईबरोबर वावरात होते. धुरानं दोघींचे डोळे गळत होते, त्यामुळं बोलायला सोपं गेलं.

"आई, समज मी बँकेत नाही गेले तर?"

"मंग कुठं जानार?"

"पुण्यात. कॉम्प्युटरच्या कंपनीत."

"पगार?"

"कमी आहे. आणि पक्कं नाही."

आईनं काठीनं पाला सारखा केला. मग म्हणाली, "मला त्यातलं काय कळत न्हाई. पर तू असं इचारतीस, जसं काय चोरी केलीया. तेवढं का, ते सांग."

मी पाल्याचा भारा आणायला निघून गेले.

पाचव्या की सहाव्या दिवशी मला एकदम एक वाट सापडल्यासारखी वाटली. मी बँक सोडली तर एक जागा रिकामी होईल, यादी एकानं पुढं सरकेल, आणखी काही जणांनी सोडली की मैत्रिणीचा नंबर लागेल. म्हणजे मी हट्टानं, लहरीनं काही करत नव्हते. मी तिच्यासाठी करत होते. हे सुचल्यावर त्या दिवशी मी पोटभर जेवले. आबांनासुद्धा हे सांगता येईल असं वाटलं. मैत्रिणीसाठी सोडली म्हटल्यावर कोण काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी आबांच्या जीपनं नसरापूर आणि तिथून एसटीनं कापूरहोळ गाठलं. मैत्रीण वडिलांच्या दुकानात होती. तिचे वडील ट्रकचं चाक खोलत होते, ती बाजूच्या बाकावर पुस्तक घेऊन बसली होती. पुढच्या परीक्षेचं. आम्ही रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा घेतला. मी तिला सगळं सांगितलं, कंपनीचं, मुलाखतीचं, आणि शेवटी मोठ्या मनानं यादीचं.

तिनं कप खाली ठेवला. "परत सांग. कुणासाठी सोडतीयस?"

"म्हणजे, तुलाही मिळेल ना…"

"मी मागितली का तुझ्याकडं?"

"तसं नाही गं."

"मग कसं?" तिचा आवाज चढला. टपरीवाला बघायला लागला. "मी सातवी आहे. माझ्यावर सहा जण आहेत. तुझ्या एका जागेनं माझं काय होणार? आणि झालंच, तर आयुष्यभर तू लोकांना सांगणार, मी तिच्यासाठी सोडली. मी बँकेत खुर्चीवर बसले तरी ती तुझीच खुर्ची. नको मला."

मी काही बोलायला गेले, तिनं थांबवलं.

"एक सांग. समज, मी यादीत नसतेच. नापास झाले असते साफ. तर काय केलं असतंस?"

हायवेवरून कंटेनर जात होते, एकामागं एक. मला उत्तर माहीत होतं. ते इतक्या पटकन आलं की मला माझीच लाज वाटली.

"सोडली असती," मी म्हणाले.

"मग तसं म्हण की!" ती उठली. चहाचे पैसे तिनंच दिले. "पुस्तकामागं लपून काय लिहायचीस ते मला दिसत नव्हतं का? दोन वर्षं शेजारी बसलीय मी." रस्ता ओलांडताना ती मागं वळून एवढंच म्हणाली, "आणि परत मला मध्ये घेऊ नकोस."

परतताना नसरापूरला आबांची जीप भरायची होती. मी पुढं त्यांच्या शेजारी बसले. माणसं यायला वेळ होता. मी ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघालं, "आबा, मला बँकेत जायचं नाही. ती खिंडीतली मुलाखत बँकेची नव्हती. कॉम्प्युटरच्या कंपनीची होती. त्यांनी घेतलंय मला. मला तिथं जायचंय."

आबांनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. समोर बघत राहिले. मागं दोन बायका पिशव्या घेऊन चढल्या, मग एक माणूस. आबांनी दार लावलं आणि गाडी सुरू केली.

पुढचे तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. रागावले की ते ओरडतात, त्याची मला सवय होती. या गप्प बसण्याची नव्हती. चौथ्या दिवशी मी बँकेला नकार पाठवायला खिंडीकडं निघाले, तेव्हा ते मागून चढत आले. धाप लागली होती.

"म्या त्या म्हाताऱ्याला गप केला," ते म्हणाले. "दोन तास उनात उभा राहिलो. येका शब्दानं म्हनली असतीस, आबा हे बँकंचं न्हाई, तर काय जीप दिली नसती व्हय म्या?"

मला रडू फुटलं. "मला वाटलं तुम्ही देणार नाही."

"न्हाईच दिली असती कदाचित," ते म्हणाले. "भांडलो असतो. लई भांडलो असतो. पर मला भांडाय तर द्यायचं." मग त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "लोकांना आता काय सांगू म्या?"

मी त्यांच्यासमोर नकार लिहिला. पाठवायचं बटण दाबलं. तो गेला, आणि मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. आबा तोंड फिरवून दरीकडं बघत होते.

पुण्यात कात्रजच्या पुढं चौघींत एक खोली घेतली. पहिले महिने वाईट गेले. अभ्यासिकेतल्या माझ्या पानाचं कौतुक तिथं कुणाला नव्हतं. मला जे तीन दिवसांत जमायचं ते शेजारचा मुलगा जेवणाच्या सुट्टीआधी संपवायचा. रोज सकाळी बसमधून एका बँकेची शाखा दिसायची, काचेचं दार, आत पंखा, आणि मी मान दुसरीकडं वळवायचे. पाच शिकाऊ होतो. सहा महिन्यांनी दोघांना जायला सांगितलं. मी राहिले, पण का राहिले ते मला नीट कळलं नाही, म्हणून ते राहणंही अंगी लागलं नाही.

मैत्रिणीनं चार महिने फोन केला नाही. केला तेव्हा आधी हवापाण्याचं बोलली. मग म्हणाली, "यादी पाचव्यापर्यंत आली आणि थांबली." म्हणजे मी सोडलेल्या जागेवर कुणीतरी गेलं होतं, जिला किंवा ज्याला मी कधी पाहणार नाही. "बरं झालं," ती म्हणाली. मी तिला विचारलं नाही, बरं कुणाचं.

पुढच्या वर्षी ती स्वतःच्या नंबरावर दुसऱ्या बँकेत लागली. आता कर्नाटकातल्या एका लहान गावात आहे. तिथं लोक कन्नडमध्ये भांडतात आणि ती मराठीत, असं सांगते. काउंटरवर येणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल ती ज्या मायेनं बोलते, ते ऐकून मला पटतं की ती जागा तिचीच होती. बदलीसाठी मात्र सारखी अर्ज करते. तिलाही एका जागी चैन नाही.

मला इथं आता चौथं वर्ष आहे. काम येतं. पण गेल्या वर्षापासून जो कोड शिकायला मला महिने लागले तो मशीन मिनिटात लिहून देतं. कंपनीनं नवे शिकाऊ घेणं बंद केलंय. दुपारच्या डब्याला सगळे हसतात, बोलतात, आणि मध्येच कुणीतरी म्हणतं, आपलं किती दिवस? मग वाडग्यातलं वरण ढवळत बसतात. आबा दर रविवारी फोनवर विचारतात, "काम हाय न्हवं?" लोकांना ते काय सांगतात ते मी कधी विचारलं नाही. बँक सोडली याचा पश्चात्ताप होतो का, असं मी स्वतःला विचारते तेव्हा उत्तर दर आठवड्याला बदलतं. महिन्याच्या शेवटी घरी पैसे पाठवताना होतो. एखादी अडलेली गोष्ट सुटली की होत नाही.

मागच्या सोमवारी बैठक होती. गावागावांतल्या सरकारी दवाखान्यांत आमचं सॉफ्टवेअर बसवायचं काम आलंय. टेबलाशी बसून करायचं नाही ते. सहा महिने फिरावं लागेल, नर्सताईंच्या शेजारी बसून त्यांना काय अडतं ते बघायचं, तिथल्या तिथं बदलायचं. कुणी जाईल का, असं आमच्या मॅडमनी विचारलं. सगळे स्क्रीनकडं बघत होते. यात बढती नाही, आणि परत आल्यावर इथली जागा तशीच असेल असं कुणी लिहून देणार नव्हतं.

"मला जायचंय," मी म्हणाले.

"विचार करून उद्या सांगितलंस तरी चालेल," मॅडम म्हणाल्या.

"नको," मी म्हणाले. "आत्ताच सांगते."

बैठक संपल्यावर मी जिन्यात येऊन आबांना फोन लावला. ते नसरापूरला गाडी भरत होते, मागं गलका चालला होता. मी सगळं सांगितलं, सहा महिने, फिरती, खात्री नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग जे भांडायला सुरुवात केली, ते जीप भरून सुटेपर्यंत थांबले नाहीत.